तुमचा टर्न : क्विअर पात्रांचे इंडी आरपीजी, वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने वार करायच्या, इंडी (छोट्या स्वतंत्र गटांनी बनवलेल्या) फँटसी आरपीजींबद्दल, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेमबद्दल, लिहिलं होतं. त्यातही ज्यांत क्विअर पात्रं केंद्रस्थानी आहेत अशांबद्दल. त्यानंतर आलेल्या पत्रांत निम्मे प्रश्न खेळताना अडलेल्यांचे होते आणि निम्मे स्वतःचा गेम बनवायला बसलेल्यांचे. दोन्ही इथे एकत्र घेतले आहेत. ज्यांनी ‘अंडरटेल’ अजून खेळलेला नाही, त्यांनी पहिली दोन उत्तरं सोडून पुढे जावं.

‘अंडरटेल’मध्ये मी शेवटपर्यंत कुणाला मारलं नाही, तरी साधाच शेवट मिळाला. अंडाइन आणि आल्फिस यांचं पुढे काय होतं ते दिसलंच नाही. काय चुकलं? (नाशिक)

बहुधा काहीच चुकलेलं नाही. टोबी फॉक्सचा हा 2015 चा गेम पहिल्या फेरीत खरा शेवट दाखवतच नाही. आधी एकदा फ्लाउईशी लढून साधा शेवट गाठावा लागतो. फ्लाउई स्वतःच पुढची दिशा सुचवतो आणि मग तोच सेव्ह पुन्हा उघडायचा असतो. नवा गेम सुरू करू नका.

पण त्याआधी मेन्यूत जाऊन स्टॅट पाहा. एलव्ही (पातळी) 1 आणि एक्सपी (कुणाला मारल्यावर मिळणारे गुण) 0 असायलाच हवा. एक्सपी शून्याहून जास्त असेल तर कुठेतरी कुणीतरी मेलंय, आणि त्या सेव्हवर हा रस्ता बंद आहे. हे सहसा दोन ठिकाणी होतं. पहिलं ठिकाण रुइन्स, म्हणजे गेमचा सुरुवातीचा भाग. तिथले बेडूक वगैरे किरकोळ प्राणी ‘मोजत नसतील’ असं वाटतं, पण ते मोजतात. दुसरं ठिकाण टोरिएल या पात्राशी होणारी लढाई. ‘थोडं जखमी करू, मग सोडू’ असा हिशेब इतर आरपीजींत चालतो. इथे तिचा एचपी (उरलेला जीव) एका मर्यादेखाली आला की पुढचा साधा वारसुद्धा थेट जीव घेतो. तिच्यावर एकही वार न करता फक्त मर्सी या मेन्यूतलं स्पेअर (सोडून देणं) दाबत राहायचं. बराच वेळ काहीच बदलत नाही असं वाटेल, पण तिचे संवाद बदलत असतात. तुमचा जीव अगदी कमी उरला की तिच्या ज्वाळा आपोआप बाजूला वळतात, म्हणून घाबरू नका.

एक्सपी शून्य असेल, तर पुढचा क्रम असा. पॅपिरसला सोडल्यावर स्नोडिनमध्ये त्याच्या घरासमोर जाऊन त्याच्यासोबत वेळ घालवायचा. ही पायरी गाळली तर अंडाइनचं दार उघडत नाही. अंडाइनच्या लढाईत तुमचं हृदय हिरवं असताना पळता येत नाही, तेव्हा फक्त ढालीने भाले अडवायचे. ती हृदय लाल करते त्या वेळी मर्सीत फ्ली दिसतं, ते लगेच निवडायचं. ती पाठलाग करून पुन्हा गाठते. पुन्हा तसंच करायचं. हॉटलँडमध्ये शिरल्यावर चिलखतातल्या उकाड्याने ती कोसळते. जवळच पाण्याचा कूलर आहे. तिथून पेला भरून तिच्यावर ओतायचा. बरेच जण इथे सुटकेचा निःश्वास टाकून पुढे पळतात आणि नंतर पत्र लिहून आम्हाला विचारतात. त्यानंतर वॉटरफॉलला मागे फिरून तिच्या घरी जायचं. बाहेर पॅपिरस उभा असेल.

साध्या शेवटानंतर सेव्ह उघडल्यावर अंडाइनचा फोन येतो. स्नोडिनला पॅपिरसच्या घरासमोर ती भेटते आणि आल्फिससाठी चिठ्ठी देते. ती आल्फिसच्या प्रयोगशाळेच्या दाराखालून सरकवायची. चिठ्ठीवरून होणारा घोळ पूर्ण बघा, घाई करू नका. मग पुन्हा प्रयोगशाळेत गेलात की खालची खरी प्रयोगशाळा खुली होते, आणि तिथून खऱ्या शेवटाचा रस्ता सरळ आहे.

हॉटलँडमधले दोन शाही पहारेकरी कसे सोडायचे? दोघांपैकी कुणालाच स्पेअर लागू होत नाही. (मिरज)

लढाईच्या मेन्यूतल्या ॲक्टमध्ये जाऊन दुसऱ्या पहारेकऱ्याचं चिलखत साफ करा. उकाड्यामुळे तो चिलखत काढेपर्यंत हे करत राहायचं. त्यानंतर पहिल्याच्या कानात कुजबुजा. तो आपल्या सोबत्याला मनातलं सांगून टाकतो आणि दोघांनाही सोडता येतं. क्रम उलटा केलात तर उपयोग होत नाही. कुजबुजण्याआधी पहिल्याला अस्वस्थ करणारं काहीतरी समोर असावं लागतं.

गेम बनवणाऱ्यांनी ही लढाई दोनदा पाहावी. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे ही इथे नुसती माहिती नाही, लढाईचं कुलूप त्याच किल्लीने उघडतं. प्रेम काढून टाकलं तर लढाई सुटणारच नाही. क्विअर पात्रं घालायची म्हणजे काय, याचं यापेक्षा नेमकं उत्तर आमच्याकडे नाही. खालच्या काही उत्तरांत त्याचा पुन्हा संदर्भ येईल.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. ती ‘अंडरटेल’ खेळते. त्यात ‘तसलं’ काही आहे का, हे मला खेळायला न बसता कसं कळेल? (ठाणे)

अमेरिकेतल्या ईएसआरबी या संस्थेने त्याला दहा वर्षांवरच्यांसाठी योग्य असं मानांकन दिलंय. लैंगिक दृश्य एकही नाही. अंडाइन आणि आल्फिस या दोघींचं प्रेम लाजरंबुजरं, चिठ्ठी लिहून फाडण्याच्या पातळीवरचं आहे. पॅपिरससोबतची ‘डेट’ निव्वळ विनोद आहे. नायकाचं लिंग गेम सांगतच नाही. ताई, काळजी करायचीच असेल तर ती दुसऱ्या गोष्टींची करा. खऱ्या प्रयोगशाळेचा भाग भीतिदायक आहे, वितळून एकमेकांत मिसळलेले देह तिथे दिसतात. आणि सगळ्यांना ठार मारत जायचा एक मार्ग आहे, तो मुद्दाम जिवाला लागेल असा बनवलाय. मुलगी त्या मार्गाने गेली असेल तर त्याबद्दल तिच्याशी बोला. दोन मुलींच्या प्रेमाबद्दल तिने प्रश्न विचारलाच, तर जेवढा विचारलाय तेवढ्याचं उत्तर पुरतं.

‘इकेनफेल’ हा जादूच्या शाळेतला आरपीजी घेणार असाल तर सुरुवातीलाच सेटिंग्जमध्ये मजकुराबद्दलच्या पूर्वसूचना सुरू करा. त्रासदायक विषय येण्याआधी गेम तसं सांगतो.

‘इकेनफेल’मध्ये माझं टायमिंग कायम चुकतं. टीव्हीवर स्विच (निन्टेंडोचं गेमचं यंत्र) लावून, ब्लूटूथ हेडफोन घालून खेळतो. सराव कमी पडतोय का? (मडगाव)

सराव नाही, हेडफोन. ऑक्टोबर 2020 मध्ये आलेल्या या गेममध्ये प्रत्येक मंत्राला आणि प्रत्येक बचावाला ठरावीक क्षणी बटण दाबायचं असतं. ‘ग्रेट’ किंवा ‘नाइस’ मिळालं तर ठीक, ‘ऊप्स’ आलं तर वार जवळजवळ वाया जातो आणि बचावात पूर्ण फटका बसतो. ब्लूटूथवर आवाज सहज 150 मिलिसेकंद उशिरा पोचतो. सेकंदाला 60 चित्रं धरली तर हा 9 चित्रांचा उशीर झाला. तुम्ही आवाजावर बटण दाबत असाल तर प्रत्येक वेळी उशीरच होणार. वायरचे हेडफोन लावा. टीव्हीच्या चित्र-सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ सुरू करा, नाहीतर टीव्ही चित्र सुधारण्याच्या नादात आणखी उशीर करतो. आणि आवाजाऐवजी पात्राच्या हालचालीकडे बघा. प्रत्येक मंत्राची लय वेगळी आहे, पण एका मंत्राची लय कधीच बदलत नाही.

एवढं करूनही जमत नसेल तर सेटिंग्जमध्ये वेळ साधण्याचं काम अंशतः किंवा पूर्णपणे गेमवर सोपवता येतं, आणि लढाई थेट जिंकण्याचाही पर्याय आहे. तो वापरण्यात काही कमीपणा नाही. या गेमची मजा मारिट नावाच्या जादू न येणाऱ्या मुलीने बहिणीला शोधत जादूच्या शाळेत शिरण्यात आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या आपापसांतल्या गुंत्यात आहे.

एक गोष्ट मात्र टायमिंगने भरून निघत नाही, ती म्हणजे जागा. लढाईचं मैदान 3 ओळी आणि 12 रकान्यांचं असतं. शत्रूचे बरेच हल्ले विशिष्ट आकाराच्या पट्ट्यात बसतात. म्हणून तिघांना एकाच ओळीत किंवा एकमेकांना चिकटून उभं करू नका. आपल्या मंत्राचा आकारही आधी बघा, मग पाऊल टाका. एखाद्या पात्राचा वार पोचत नसेल तर पुढच्या टर्नला सोयीची होईल अशी जागा घेऊन ठेवा. वाटेत मांजर दिसलं की थांबून कुरवाळा, सेव्ह तिथेच होतो आणि जखमाही भरतात.

जुना लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. काय चालेल? (परभणी)

‘अंडरटेल’ बिनधास्त. ‘डेल्टारून’चे पहिले दोन अध्याय संगणकावर मोफत मिळतात, तेही चालतील. त्यातल्या सूझी आणि नोएल या दोघींसाठी बरेच जण दुसरा अध्याय पुन्हापुन्हा खेळतात. ‘वाइल्डरमिथ’ मात्र चालेलच याची खात्री नाही, म्हणून घेण्याआधी परत करण्याचे नियम वाचून घ्या. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर विकत घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे मागता येतात.

मराठीतूनच टर्न-बेस्ड आरपीजी करायचाय. आरपीजी मेकर एमझेड या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये संवाद टाकले तर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. फाँट बदलून पाहिला, फरक नाही. (कोल्हापूर)

फाँटचा दोष नाही. एमझेडची संवादाची खिडकी मजकूर एकेक अक्षर-खूण सुटी करून पडद्यावर काढते, म्हणजे टाइप होत असल्यासारखा परिणाम साधतो. रोमन लिपीत ते चालतं. देवनागरीत ‘कि’ हे क आणि पहिली वेलांटी अशा दोन खुणांचं बनतं, पण वेलांटी क च्या आधी काढायची असते. ‘क्ष’ तीन खुणांचा असतो. खुणा सुट्या काढल्या की त्यांना एकमेकींची माहितीच नसते. तपासायचं असेल तर तोच संवाद एकदम पूर्ण दिसेल असा करून बघा. एमझेडमध्ये मजकुराच्या सुरुवातीला उलटा तिरका दंड आणि ‘मोठं’ चिन्ह (\>) टाकलं की ओळ एका दमात येते आणि ती बरीच नीट दिसते. सगळा गेम तसा ठेवायची तयारी असेल तर एमझेड चालेल. नाहीतर संवादाची खिडकी बदलणारं प्लगइन लिहावं लागेल.

नव्याने सुरुवात करत असाल तर गोडो 4 हे गेम बनवायचं इंजिन घ्या. मोफत आहे, आणि त्यात हार्फबझ ही अक्षरजुळणीची व्यवस्था अंगभूत आहे. गोडो 3 मध्ये ती नव्हती, त्यामुळे जुने यूट्यूब धडे बघून तीच आवृत्ती उतरवू नका. युनिटी या दुसऱ्या इंजिनातलं टेक्स्टमेशप्रो जसं आहे तसं वापरलं तर देवनागरी मोडते.

गोडो 4 मध्येही एक खाच आहे. टाइप होण्याच्या परिणामासाठी लोक लेबलची दिसणाऱ्या अक्षरांची संख्या एकेकाने वाढवतात. मूळ सेटिंग असं आहे की न दिसणारा भाग आधी कापला जातो आणि उरलेल्याची जुळणी होते. म्हणून ‘क’ आधी एकटा दिसतो, मग वेलांटी आली की उजवीकडे सरकतो. ‘क्’ पाय मोडून येतो, मग एकदम ‘क्ष’ होतो. ओळीच्या टोकाचा शब्द अर्धा लिहून झाला की खालच्या ओळीत उडी मारतो. लेबलच्या गुणधर्मांत दिसणाऱ्या अक्षरांच्या वागणुकीचा पर्याय आहे. तो ‘जुळणीच्या आधी’ऐवजी ‘जुळणीनंतर’ करा. सरकणं आणि उड्या दोन्ही थांबतात.

फाँटबद्दल. मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’, किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’, हे तिन्ही ओएफएल (ओपन फाँट लायसन्स) या खुल्या परवान्याखाली आहेत. गेमसोबत देता येतात, विकाऊ गेममध्येही. पिक्सेल-कलेचा गेम असेल तर 320 बाय 180 च्या पडद्यावर रोमन अक्षर 8 पिक्सेलमध्ये बसतं. देवनागरीला शिरोरेषेच्या वर रफार-मात्रा आणि खाली उकार लागतात. 16 पिक्सेलच्या खाली ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला फरक कळत नाही. ओळीची उंची 20 ते 22 धरा. याचा अर्थ खिडकीत चार ओळी बसणार नाहीत, तीनच बसतील. संवाद लिहायच्या आधीच हे ठरवा. नंतर सगळे संवाद तोडावे लागतात.

एक नॉन-बायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणारं) पात्र आहे, नाव किरण. इंग्रजी गेममध्ये सर्वनाम बदलणारा एक व्हेरिएबल ठेवतात. मराठीत क्रियापदही बदलतं. कसं करायचं? (पुणे)

व्हेरिएबलने नाही, वाक्याने करायचं. आधी हे पाहा की मराठीत लिंग नक्की कुठे दिसतं. ‘गेला-गेली’, ‘जातो-जाते’, ‘दमलेला-दमलेली’ आणि ‘त्याने-तिने’ इथे. कुठे दिसत नाही? भविष्यकाळात: ‘मी जाईन’, ‘किरण जाईल’. ‘णार’मध्ये: ‘मी येणार आहे’. ‘ने’ लावलेल्या भूतकाळात: ‘किरणने तलवार उपसली’, इथे क्रियापद तलवारीप्रमाणे चालतं. ‘तू हे काय केलंस?’मध्येही नाही. ‘ला’ घेणाऱ्या वाक्यांत नाही: ‘मला यायचंय’, ‘किरणला थकवा आलाय’.

म्हणजे ‘तू कुठे गेला होतास’ असं न लिहिता ‘तुला इतका उशीर का झाला’ लिहायचं. ‘किरण दमलाय’ऐवजी ‘किरणचे पाय उचलत नाहीयेत’. सुरुवातीला हाताला जड जातं, पण आठ-दहा पानांनंतर सवय होते. वाक्यं ओढूनताणून आलेली वाटली तर मोठ्याने वाचा. अडखळलात तिथे वाक्य नव्याने बांधा, शब्द बदलून भागत नाही.

आदरार्थी अनेकवचन हा सोपा मार्ग वाटतो, पण नाही. ‘सर आले’ आणि ‘बाई आल्या’ यांतही लिंग आहेच, शिवाय सोळा वर्षांच्या मित्राला मित्रांनी ‘किरण आले’ म्हणणं विचित्र दिसतं. नपुंसकलिंग, म्हणजे ‘किरण आलं’, घरातल्या पोराबद्दल मायेने म्हणतात. परक्याने मोठ्या माणसाबद्दल म्हटलं तर ते हिणवणं होतं. किरणने स्वतःसाठी तेच निवडलं असेल तर ते किरणच्याच तोंडून यावं. निवेदकाने परस्पर ठरवू नये. ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ दोन्ही वापरणारं पात्रही शक्य आहे. फक्त कधी कुठलं, हे तुम्हाला माहीत हवं, नाहीतर वाचणाऱ्याला ती प्रुफातली चूक वाटेल.

नायक खेळाडूने निवडायचा असेल तर निवेदन ‘तुम्ही’त लिहा. ‘तुम्ही दार उघडता’, ‘तुम्ही आत येता’ यात लिंग नाही. ‘तू उघडतोस’मध्ये आहे.

लढाईच्या नोंदींत क्रियापदच काढून टाका. ‘किरणचा वार! 14 एचपी कमी.’ ‘किरण बेशुद्ध!’ पुरतं. पण एक दगा इथेही असतो. नावापुढे आपोआप ‘ला’ किंवा ‘चा’ जोडणारी ओळ लिहिलीत तर किरणचं ‘किरणला’ बरोबर होतं, पण शत्रूंची नावं सामान्यनामं असतात. ‘राक्षसला’, ‘भूतला’, ‘हडळला’ असं दिसू लागतं. प्रत्येक शत्रूच्या नोंदीत दोन नावं साठवा: ‘राक्षस’ आणि ‘राक्षसा’, ‘भूत’ आणि ‘भुता’, ‘हडळ’ आणि ‘हडळी’. प्रत्यय नेहमी दुसऱ्याला जोडा. वीस शत्रूंसाठी हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते न केल्याने गेम भाषांतरित वाटतो.

पहिल्या गावात शत्रू फार कठीण, दुसऱ्या गावात फार सोपे. आकडे कितीही बदलले तरी मध्यम जमत नाही. आरपीजी मेकरचं मूळ सूत्र वापरलंय. (सोलापूर)

सूत्रच तसं आहे. मूळ सूत्र म्हणजे ॲटॅकची चौपट वजा समोरच्याच्या डिफेन्सची दुप्पट. आता 15 डिफेन्सचा शत्रू घ्या. ॲटॅक 10 असेल तर फटका 40 वजा 30, म्हणजे 10. ॲटॅक 12 झाला तर 18. नवी तलवार घेऊन 15 झाला तर 30. दीडपट ताकदीला तिप्पट फटका. आणि डिफेन्स 20 चा शत्रू आला तर ॲटॅक 10 वाल्याचा फटका शून्य. वजाबाकीच्या सूत्रांत दोन आकडे एकमेकांच्या जवळ असले की छोटा बदलही मोठा होतो. मेकरमध्ये त्यावर 20 टक्के चढउतार आणि तिप्पट क्रिटिकल (अधूनमधून बसणारा जबर फटका) येतो, त्यामुळे कधी दोन वारांत तर कधी सातांत शत्रू मरतो.

भागाकाराचं सूत्र वापरून पाहा: ॲटॅकचा वर्ग, भागिले ॲटॅक आणि डिफेन्सची बेरीज, गुणिले 4. त्याच शत्रूवर ॲटॅक 10 ला 16, 12 ला साधारण 21, 15 ला 30. वाढ आहे, पण कडा नाही, आणि फटका कधीच शून्य होत नाही. चढउतार 10 टक्क्यांवर आणा, क्रिटिकल दीडपट करा.

मग आकडे उलट दिशेने काढा. किरकोळ शत्रू अडीच-तीन वारांत मरावा असं ठरवलं, आणि फटका 16 असेल, तर त्याचा एचपी 40 ते 45. एचपी आधी आणि फटका नंतर ठरवणारे वर्षभर हेच आकडे हलवत बसतात.

बॉसबद्दल वेगळं. तिघं विरुद्ध एक असेल तर बॉसला तुमच्या तीन वारांमागे एकच वार मिळतो. म्हणून एचपी वाढवत नेला की लढाई कठीण न होता फक्त लांबते. मेकरमध्ये ‘ॲक्शन टाइम्स प्लस’ हा गुण 100 टक्के देऊन बॉसला फेरीत दोन वार द्या आणि प्रत्येक वाराची ताकद कमी ठेवा. आठ-दहा फेऱ्यांच्या पुढे बॉस नेऊ नका.

गोडोमध्ये टर्नची रांग केली. मेलेला शत्रू त्याच फेरीत वार करतो, कधी कधी गेमच बंद पडतो. (न्यू जर्सी)

रांग फेरीच्या सुरुवातीला बनते आणि मृत्यू मध्येच होतो. रांगेत नाव आलं की आधी जिवंत आहे का ते तपासा, मगच वार करू द्या. लक्ष्यही वाराच्या क्षणी पुन्हा तपासा. ते मेलं असेल तर दुसरं जिवंत लक्ष्य निवडा. गेम बंद पडतो कारण मेलेल्या शत्रूचा नोड तुम्ही लगेच काढून टाकता आणि रांग अजून त्याकडे बोट दाखवत असते. फक्त ‘मेलेला’ अशी खूण करा, पडद्यावरून लपवा, आणि नोड फेरी संपल्यावर काढा. रांगेवरून फिरत असताना तिच्यातून नावं काढू नका, एकाआड एक पात्राचा टर्न गायब होतो.

दोन पुरुष योद्ध्यांचं प्रेम दाखवायचंय. भेटवस्तू दिल्या की हृदयं भरत जातील, दहा झाली की प्रेम. ठीक आहे ना? (औरंगाबाद रस्ता, अहिल्यानगर)

चालेल, पण खेळाडू फुलं विकणाऱ्या दुकानाचा रस्ता पाठ करेल आणि त्या दोघांना विसरेल. वर सांगितलेले पहारेकरी आठवा. दोघांचं नातं लढाईच्या नियमात कुठे आहे, हा प्रश्न आधी सोडवा. ‘वाइल्डरमिथ’मध्ये मैत्री, प्रेम आणि वैर तिन्हींचा लढाईत वेगवेगळा उपयोग होतो. तुमच्या दोघांसाठी असं काही करता येईल: एकाचा एचपी चतुर्थांशाखाली गेला की दुसऱ्याला आपला टर्न सोडून मधे उभं राहता येतं. पहिल्या प्रकरणात हा पर्याय मेन्यूत नसतो. मधल्या भांडणानंतर तो करडा पडतो आणि दाबला जात नाही. शेवटच्या लढाईत तो परत येतो. याला कोडमध्ये आकडा लागत नाही, तीन अवस्था पुरतात. आकड्याऐवजी अवस्था ठेवली की प्रत्येकीला लिहिलेला प्रसंग असतो, आणि कुठल्या सेव्हमध्ये नातं कुठे आहे हे तपासणंही सोपं जातं.

आणखी एक. दोघांपैकी एकाला कथेच्या गरजेसाठी मारायचा बेत असेल तर तो पुन्हा तपासा. समलिंगी जोडीतलं एक मरणं इतक्या कथांत येऊन गेलंय की खेळाडू दुसऱ्या प्रकरणातच त्याची वाट बघायला लागतो.

मी काढलेलं एकच पात्र एमझेडमध्ये टाकलं तर चालताना त्याचे तुकडे दिसतात. (सातारा)

फाइलच्या नावाच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह लावा. ते नसेल तर मेकर समजतो की पानावर आठ पात्रं आहेत आणि चित्र तसं कापतो. एका पात्राला 3 रकाने आणि 4 ओळी, 48 पिक्सेलची चौकट धरली तर चित्र 144 बाय 192 हवं.

गेम झाला की कुठे टाकू? पैसे लागतात का? (डोंबिवली)

पहिला छोटा गेम इच डॉट आयओ या इंडी गेमच्या संकेतस्थळावर. मोफत आहे, त्यांचा वाटा मुळात 10 टक्के असतो आणि तो तुम्हाला बदलता येतो. स्टीमवर प्रत्येक गेममागे 100 डॉलर भरावे लागतात, विक्री 1,000 डॉलरच्या वर गेली की ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून गेम प्रसिद्ध होईपर्यंत किमान 30 दिवस जावे लागतात, आणि ‘लवकरच येत आहे’ हे पान निदान दोन आठवडे आधी उघडं असावं लागतं. म्हणजे दिवाळीला गेम आणायचा तर गणपतीतच पैसे भरून पान तयार ठेवा. स्टीमवर ‘एलजीबीटीक्यू प्लस’ असा टॅग आहे, तो लावा. असे गेम शोधणारे त्याच टॅगवरून येतात. मात्र पात्रं शेवटच्या दहा मिनिटांतच क्विअर असल्याचं कळत असेल तर टॅग लावू नका, परीक्षणांत तेच पहिलं लिहून येईल.